पगाराची बोलणी: एचआरला पुढे जाऊन सांगता येईल असं बोला

तुम्ही विचारलंय की टीमसमोर, क्लायंटसमोर तासभर प्रेझेंटेशन देताना काही वाटत नाही, कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसंही घेतलीयत, पण एचआरने "व्हॉट इज युअर एक्स्पेक्टेशन?" विचारलं की तोंडातून "ॲज पर कंपनी स्टँडर्ड्स" निघून जातं आणि फोन ठेवल्यावर चुटपुट लागते. आत्ता ११ लाख सीटीसी (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) आहे, १४ ची तोंडी ऑफर आलीये, गुरुवारी फायनल कॉल आहे, आणि कम्युनिकेशनचा एखादा कोर्स लावू का. कोर्स राहू द्या. मी बरीच वर्षं पुण्यात हायरिंग आणि कॉम्पेन्सेशनमध्ये आहे, म्हणजे असे कॉल पलीकडच्या बाजूने ऐकत आलोय, आणि टोस्टमास्टर्समध्ये, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबमध्ये, नवीन मंडळींना भाषणं बसवायला मदत करतो, त्यामुळे दोन्हीकडचं जे दिसतं ते सांगतो.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की जी एचआर तुमच्याशी बोलतेय तिच्या हातात पैसे नसतात. बहुतेक लोक तिला पटवायला बघतात, गोड बोलतात, किंवा मग ताणून धरतात, आणि दोन्ही वाया जातं, कारण निर्णय तिचा नसतोच. मध्यम किंवा मोठ्या कंपनीत तुमची ऑफर ठरते तेव्हा एक अप्रूव्हल फिरतं. त्यात तुमचा आत्ताचा पगार, द्यायचा पगार, हाईक किती टक्के, त्या ग्रेडचा पे बँड (किमान ते कमाल पगाराची मर्यादा) काय, त्याच टीममधल्या तुमच्याएवढ्या अनुभवाच्या लोकांना किती मिळतंय, हे सगळं असतं आणि शेवटी एक रकाना असतो जस्टिफिकेशनचा. आकडा नेहमीपेक्षा वर गेला की त्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं, दोन ओळी, फार तर तीन. ते हायरिंग मॅनेजर बघतो, फायनान्स बघतं, कधी बिझनेस हेड बघतो, आणि यातल्या अर्ध्या लोकांनी तुम्हाला कधी पाहिलेलंही नसतं. तुमचं सगळं बोलणं शेवटी त्या दोन ओळींमध्ये मावायला हवं. एचआरला फोन ठेवल्या ठेवल्या टाईप करता येईल असं वाक्य तुम्ही तिला दिलंत तर ती तुमची वकिली करते, नाही दिलंत तर तिची इच्छा असूनही ती रकाना रिकामा ठेवते आणि बँडच्या मधला आकडा येतो.

आता त्या रकान्यात काय जात नाही ते बघा. फ्लॅटचा हप्ता वाढलाय हे जात नाही. मुलीची ॲडमिशन आहे हे जात नाही. माझ्या मित्राला हिंजवडीत एवढ्याच अनुभवावर १८ मिळाले हे तर अजिबातच जात नाही. मी खूप मेहनती आहे, क्विक लर्नर आहे, हेही नाही, कारण ते सगळेच म्हणतात. हे सगळं खरं असतं आणि मला त्याबद्दल आपुलकी आहे, पण फायनान्सवाल्याला त्याच्यावर सही करता येत नाही. काय जातं तर असं काहीतरी: "जॉब डिस्क्रिप्शनमध्ये पहिल्या दोन क्वार्टरचं जे डेटाबेस मायग्रेशन आहे, तेच काम याने सध्याच्या बँकिंग प्रोजेक्टवर स्वतः लीड करून पूर्ण केलंय, ३० दिवसांत जॉईन होऊ शकतो." संपलं. यात कंपनीचं काम आहे, तुमचा पुरावा आहे आणि त्यांचा वाचणारा वेळ आहे. नोटीस पिरियडला आपल्याकडे लोक किरकोळ समजतात, पण ९० दिवसांची नोटीस आयटीत सर्रास असल्यामुळे जो माणूस महिन्याभरात येऊ शकतो त्याला चार पैसे जास्त द्यायला मॅनेजर स्वतःहून तयार होतो, आणि हे बँडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. फक्त तुमच्या कंपनीकडून लवकर सुटका किंवा बायआउट (उरलेल्या नोटीसचे पैसे भरून सुटणं) खरंच होणार असेल तरच हे बोला.

बोलायच्या आधी आकडा उघडून बघा. १४ लाख म्हणजे महिन्याला १ लाख १६ हजार असं मनात धरून लोक हो म्हणतात आणि पहिली सॅलरी स्लिप आली की रडतात. उदाहरणच घेऊ. १४ लाख सीटीसी, त्यात १० टक्के व्हेरिएबल (पगाराचा बदलता भाग, मिळेल तेवढा) म्हणजे १,४०,००० बाजूला. बेसिक ५० टक्के धरला तर ७ लाख, त्याच्या १२ टक्के कंपनीचा पीएफ ८४,००० तोही सीटीसीतच मोजलेला. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ३३,६७०, जी परमनंट नोकरीत साधारण ५ वर्षं टिकलात तरच हातात येणार. मेडिक्लेमचे १५ हजार धरा. उरले ११,२७,३३०, महिन्याला ९३,९४४. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ७,००० आणि महाराष्ट्रातला प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात ८६,७४४ (फेब्रुवारीत पीटी ३०० कापतात, तेव्हा अजून १०० कमी). या आकड्याला २०२५-२६ पासूनच्या नव्या रिजीमप्रमाणे इन्कम टॅक्स शून्य बसतो, नाहीतर अजून खाली. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवर म्हणजे महिना १,८०० च कापतात, मग हातात जास्त येतं, पण साठतं कमी. म्हणून एचआरला ब्रेकअप, म्हणजे पगाराची फोड, आधी मागा, तोंडी आकड्यावर बोलणी करूच नका, आणि बोलणी करायची ती फिक्स्डवर, म्हणजे व्हेरिएबल सोडून उरलेल्या ठरलेल्या भागावर करा. व्हेरिएबल कंपनीच्या नफ्यावर, रेटिंगवर, काय काय गोष्टींवर असतं, ते किती टक्के वाटलं गेलं हे मागच्या दोन वर्षांचं विचारायला काहीच हरकत नाही, प्रश्न रास्त आहे आणि चांगली एचआर सांगते.

आता मूळ दुखणं. तुम्ही स्टेजवर छान बोलता आणि इथे अडखळता, याचं कारण मला तुमच्या त्या बक्षिसांमध्येच दिसतं. आपल्याकडे बोलण्याची आवड जुनी आहे, पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, गावोगावी व्याख्यानं झाली, शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा, आणि या सगळ्यातून चांगला वक्ता म्हणजे ओघवतं बोलणारा हे डोक्यात पक्कं बसलं. थांबला की मार्क गेले. पगाराच्या कॉलवर तोच ओघ मारक ठरतो. आकडा सांगितला की समोर दोन-तीन सेकंद शांतता होते, ती बिचारी बँडची शीट उघडत असते, आणि आपल्याला ती शांतता सहन होत नाही, मग आपणच पुढे बोलायला लागतो आणि आपलाच आकडा खाली आणतो. मी हे इतक्यांदा ऐकलंय की वाईट वाटतं. असं असतं ते:

"सो, वी आर ऑफरिंग फोर्टीन. ठीक आहे ना?"

"हो म्हणजे, तसं ठीक आहे मॅम, पण जरा अजून थोडं, म्हणजे बघा ना काही होतंय का, नाही झालं तरी तसं काही नाही."

या एका वाक्यात माणसाने ऑफर स्वीकारली, आकडा सांगितला नाही, आणि नकार द्यायची परवानगीही देऊन टाकली. एचआरने आता वर जाऊन काय सांगायचं? कँडिडेट म्हणतोय बघा काही होतंय का? ती सांगणारच नाही. तिच्या दृष्टीने हा क्लोज झालाय.

याऐवजी हे बघा:

"थँक यू मॅम, रोल मला आवडलाय आणि मला जॉईन करायचंय. फिक्स्डमध्ये मला १३ लाख ८५ हजार हवेत, व्हेरिएबल वेगळं. पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला जे मायग्रेशन करून घ्यायचंय ते मी आत्ताच्या प्रोजेक्टवर पूर्ण केलंय, आणि मी ३० दिवसांत येऊ शकतो."

आणि मग गप्प. खरंच गप्प, "म्हणजे" पण नाही.

"दॅट इज आऊट ऑफ अवर बजेट."

"समजलं. फिक्स्डमध्ये तुम्ही कितीपर्यंत अप्रूव्हल मागू शकाल? आणि त्यासाठी माझ्याकडून काही लेखी पाठवू का?"

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यात भांडण नाही, लाचारी नाही, आणि तो एचआरला तुमच्या बाजूला आणून बसवतो, कारण आता तुम्ही दोघं मिळून तिसऱ्या माणसाला काय सांगायचं ते ठरवताय. आणि ती बऱ्याचदा खरंच सांगते, "मला एक मेल टाका, प्रोजेक्ट डिटेल्स द्या, मी बोलते."

१३.८५ च का, गोल १४ का नाही? गोल आकडा अंदाजे वाटतो, हिशोब करून आलेला आकडा गृहपाठ केल्यासारखा वाटतो. नेमके आकडे समोरच्याला जास्त ओढतात यावर २०१३ मध्ये संशोधनही झालंय. पण हिशोब खरा हवा, "कसा काढला?" विचारलं तर सांगता आला पाहिजे, उदाहरणार्थ आत्ताचं फिक्स्ड, दोन महिन्यांवर आलेलं इन्क्रिमेंट जे सोडून येतोय, बुडणारा वार्षिक बोनस, आणि त्यावर रोल बदलण्याची वाढ. उगाच ८५ लावलं तर लगेच कळतं.

पहिला आकडा किती ओढतो याबद्दल ट्वर्स्की आणि काहनमन यांचा १९७४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांसमोर एक आकड्यांचं चाक फिरवलं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वर थांबायचं, आणि मग विचारलं की संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के. ज्यांनी १० पाहिलं त्यांचा अंदाज २५ च्या आसपास, ज्यांनी ६५ पाहिलं त्यांचा ४५. चाकाचा आणि प्रश्नाचा काही संबंध नाही तरी! आपल्याकडे हे चाक म्हणजे करंट सीटीसी. एकदा "इलेव्हन" म्हणालात की पुढची सगळी बोलणी "इलेव्हनवर ३० टक्के हाईक" या चाकोरीत जाते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ पासून ऑफर देण्याआधी कंपनीला जुना पगार विचारता येत नाही, तिकडे गेलेल्या आपल्या लोकांना हा फरक लगेच जाणवतो, आपल्याकडे मात्र सर्रास विचारतात, वर तीन महिन्यांच्या स्लिप मागतात. तेव्हा लपवू नका, आणि फुगवून तर मुळीच सांगू नका, स्लिप, फॉर्म १६, यूएएनचं (पीएफ खात्याचं) पासबुक, सगळं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये बाहेर येतं आणि हातातली ऑफर जाते. खरा आकडा सांगा आणि त्याच दमात तुमचा आकडा सांगा, "सध्या ११ आहे, या रोलसाठी मी फिक्स्ड १३.८५ बघतोय, कारण काम वेगळं आहे." ११ वर पूर्णविराम देऊ नका एवढंच.

तुमच्या हातात दुसरी ऑफर असेल तर प्रश्नच नाही, पण नसेल तर आहे असं भासवू नका. विचारतात, लेटर पाठवा म्हणतात. आणि असेल तरी धमकीसारखं वापरू नका, "माझ्याकडे अजून एक लेखी ऑफर आहे, पण मला इथे यायचंय, हे एवढं जुळलं तर मी आज हो म्हणतो" हे असं. "आज हो म्हणतो" याला फार वजन आहे, कारण ऑफर घेऊन ऐनवेळी न येणाऱ्यांनी रिक्रूटर पोळलेले असतात. माझं ठाम मत आहे की एकदा हो म्हटल्यावर ९० दिवसांच्या नोटीसमध्ये चार ठिकाणी ऑफर फिरवत बसू नये. लोक करतात, आकडे वाढवूनही मिळतात, पण पुण्यात एचआरचं वर्तुळ छोटं आहे आणि नाव लक्षात राहतं.

मध्ये कन्सल्टंट (कंपनीला माणसं मिळवून देणारा एजंट) असेल तर तो काय सांगतो ते ऐका पण त्याचं गणितही लक्षात घ्या. त्याला बहुतेक ठिकाणी तुमच्या वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याएवढे मिळतात, तेही तुम्ही जॉईन होऊन काही काळ टिकलात तर. तुमचे ५० हजार वाढले तर त्याचे जेमतेम ४ हजार वाढतात, त्यापेक्षा तुम्ही लवकर हो म्हणणं त्याला परवडतं. माणूस वाईट नसतो, फक्त घाई त्याची असते. आकडा थेट एचआरशी बोला.

प्रॅक्टिसचं. मनातल्या मनात वाचून काही होत नाही, मोठ्याने म्हणायला लागतं. टोस्टमास्टर्समध्ये टेबल टॉपिक्स म्हणून प्रकार असतो, अचानक विषय देतात आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं, आणि एक जण "अं", "म्हणजे", "ॲक्च्युअली" मोजत बसतो, त्याला आह काउंटर म्हणतात. पगाराच्या कॉलसाठी मला पाच ते सात मिनिटांच्या बसवलेल्या भाषणापेक्षा हे जास्त उपयोगी वाटतं. घरी कुणालातरी एचआर करा, बायको, भाऊ, रूममेट, कुणीही, आणि त्यांना सांगा की मी आकडा सांगितला की पाच सेकंद काही बोलू नका. ते पाच सेकंद बसून काढायचे, एवढाच सराव. पहिल्यांदा हसू येतं, दोन-चारदा केलं की आकडा तोंडातून सरळ यायला लागतो. आणि कॉल इंग्लिशमध्ये होणार असेल तर सराव इंग्लिशमध्येच करा. लातूर, नांदेड, सांगलीहून आलेली, कामात वाघ असलेली मुलं मी बघतो, त्यांचं इंग्लिश कामापुरतं उत्तम असतं पण पैशाचं वाक्य त्यांनी इंग्लिशमध्ये आयुष्यात कधी उच्चारलेलं नसतं, घरी तर पैशाचं बोलू नये असंच शिकवलेलं, मग ते वाक्य त्या क्षणी बनवायला जातात आणि अडकतात. तीन वाक्यं कागदावर लिहून समोर ठेवा, फोनवर कुणाला दिसतंय. एचआर मराठी निघाली तर मराठीत बोला की खुशाल, पण "ताई, आपलं माणूस समजून बघा" इथवर जाऊ नका, तिला त्या रकान्यात ते लिहिता येत नाही.

मुलींना एक वेगळं सांगायचंय. तेच वाक्य मुलीने म्हटलं की काही मॅनेजरांना ते ताठ वाटतं, हे चूक आहे आणि मी ते टेबलाच्या त्या बाजूला बोलूनही दाखवतो, पण गुरुवारच्या कॉलपर्यंत जग बदलणार नाही. तिथे मागणीला कामाची जोड दिली की विरोध कमी होतो असा माझा अनुभव आहे, "या रोलची जबाबदारी बघता मला हा आकडा योग्य वाटतो." आणि करिअर गॅप असेल तर त्याची सफाई देत बसू नका, एका वाक्यात सांगा आणि कामावर या. गॅप आहे म्हणून जुन्याच पगारावर येते असं स्वतःहून म्हणणाऱ्या बायका भेटतात, कुणी मागितलेलंही नसतं ते.

फ्रेशर्सनी कॅम्पसच्या पॅकेजवर डोकं आपटू नये, तो आकडा सगळ्या बॅचला एकच असतो. बाँड आहे का, लोकेशन कुठलं, ट्रेनिंगमध्ये पूर्ण पगार का, हे विचारा.

आत्ताच्याच कंपनीत वाढ मागायची असेल तर वेळेचं गणित वेगळं. एप्रिल ते जूनमध्ये लेटर हातात येतं तेव्हा लोक मॅनेजरकडे जाऊन वाद घालतात, पण तोवर बजेट वाटून झालेलं असतं. मॅनेजर त्याच्या आधी एका मीटिंगमध्ये बसतो जिथे पाच-सहा मॅनेजर आपापल्या माणसांची रेटिंग्ज मांडतात आणि बेल कर्व्हमध्ये (थोडे वर, थोडे खाली, बाकी मधले अशा ठरलेल्या वाटणीत) बसवायला काहींची खाली ओढतात. तिथे तुम्ही नसता, तुमच्या वतीने तोच बोलतो, आणि त्याच्याकडे प्रत्येकासाठी मिनिटभर असतं. तेव्हा डिसेंबर-जानेवारीतच त्याला अर्ध्या पानाचा मेल द्या, वर्षभरात केलेल्या दोन गोष्टी, त्यामुळे कुणाचा वेळ-पैसा वाचला किंवा काय वाढलं, आणि तुम्हाला काय हवंय. बारा गोष्टी लिहिल्या तर त्याला एकही आठवणार नाही.

स्टेजचंही माझ्या मते हेच आहे, म्हणून दोन्ही एकत्र बोललो. सोसायटीच्या एजीएममध्ये लिफ्ट बदलायचा ठराव मांडायचाय, तर हॉलमधल्या टाळ्यांवर काही ठरत नाही, तिथे आलेला माणूस घरी जाऊन बायकोला, वडिलांना काय सांगतो त्यावर मतं पडतात. "सुरक्षितता हा आपला अधिकार आहे" हे तो घरी सांगणार नाही. "दुरुस्तीवर वर्षभरात किती गेले बघ, नवीन लिफ्टचा प्रत्येक फ्लॅटला हप्ता एवढा येतोय" हे सांगेल. तुम्ही क्लायंटसमोर चांगलं बोलता असं म्हणालात, म्हणजे हे तुम्हाला नकळत येतंच, क्लायंटचा माणूस त्याच्या बॉसला काय सांगेल याचा विचार तुम्ही तिथे करताच. स्वतःसाठी मागताना तो विचार सुटतो, कारण डोक्यात "मला लोभी समजतील का" एवढंच चालू असतं. नाही समजत. आकडा मागितला म्हणून ऑफर काढून घेतल्याचं मी क्वचितच पाहिलंय, आणि जिथे पाहिलं तिथे भाषा किंवा खोटेपणा हे कारण होतं.

तर तुमचं. आज ब्रेकअप मागवून घ्या, उद्या हिशोब करून आकडा आणि त्याच्याखालचा एक आकडा ठरवा जिथे तुम्ही आनंदाने हो म्हणाल आणि ज्याच्या खाली नाही म्हणाल. बुधवारी पाच-सहा वेळा मोठ्याने. गुरुवारी कॉल झाल्यावर अर्ध्या तासात मेल टाका, चार ओळी: आजच्या बोलण्याबद्दल आभार, फिक्स्ड एवढ्याची विनंती, कारण एक, जॉईनिंगची तारीख. तो मेल ती जसाच्या तसा पुढे पाठवू शकली पाहिजे, म्हणून त्यात "हाय मॅम होप यू आर डुइंग वेल" ची तीन वाक्यं नकोत. फिक्स्ड अजिबात हलत नसेल तर जॉईनिंग बोनस, नोटीसचा बायआउट, किंवा सहा महिन्यांनी रिव्ह्यू मागा, कारण हे बऱ्याचदा बँडच्या बाहेर असतं आणि लवकर मंजूर होतं. पण रिव्ह्यूचं लेखी घ्या, तोंडी रिव्ह्यू म्हणजे काही नाही. आणि जॉईनिंग बोनस मिळाला तर लेटरमध्ये क्लॉबॅकचा (बोनस परत घेण्याचा) क्लॉज बघा, बहुतेक ठिकाणी वर्षाच्या आत सोडलं तर पूर्ण परत द्यावा लागतो, काही ठिकाणी टॅक्स कापायच्या आधीची रक्कम परत मागतात. हे वाचून झाल्याशिवाय राजीनाम्याचा मेल पाठवू नका.